खालच्या रानातला जिताडा

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी बापू कायमचे मुरूडला राहायला जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

बापू म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सुग्रीव. त्यांची उभी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेली, तीही सगळी मुरूड-जंजिऱ्याकडे. रिटायर झाल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ते बीड जिल्ह्यातल्या आमच्या नांदूरघाटला परत आले, आणि आता पुन्हा निघाले होते. एका जुन्या कंडक्टर मित्राने खाडीजवळ त्यांच्यासाठी खोली बघून ठेवली होती. ट्रंक भरून झाली होती. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको वनमाला, त्यांच्याबरोबर जाणार नव्हती.

"मी तितं खारं वारं लई खाल्लं," ती म्हणाली होती. "आता माजी म्हस, माजी माळ आन् मी. आमी हितंच."

"दिवाळीला येतोच की मी."

"या. पाव्हणे येतेतच दिवाळीला."

भांडण म्हणावं तर एवढंच. त्यानंतर ती त्यांच्या ट्रंकेत शेंगदाण्याची चटणी भरत होती आणि ते ती काढून त्या जागी स्वेटर बसतो का बघत होते.

का जाता, हे मी त्यांना गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात विचारलं होतं. आम्ही खालच्या रानात, रिकाम्या शेततळ्याच्या बांधावर बसलो होतो.

"तुजा बाप मला काम करू देत न्हाई," बापू म्हणाले. "मोटार चालू कराया गेलो, म्हणला, बापू, तुमी बसा. धार काढाया गेलो, तुमी बसा. आता बसायच्या सगळ्या जागा बसून झाल्या माज्या. कसं झालंय सांगू का, चांगली चालती गाडी डेपोत उभी करून ठेवलीय. धुतेत, पुसतेत, हार घालतेत. पर सोडत न्हाईत."

माझ्या वडिलांना, अंगदला, मी दादा म्हणते. दादांनी दहावीनंतर शाळा सोडून शेती धरली आणि बापूंच्या पगारातून विहीर झाली, बोअर झालं, माझं उदगीरचं वसतिगृह झालं. थोरला भाऊ बाजेवर असेल तर दादा अजून खाली बसतात. थोरल्याच्या हातात खुरपं दिसलं तर गाव आपल्याला काय म्हणेल, ही त्यांची खरीखुरी भीती आहे.

बोलता बोलता बापू शेवटी म्हणाले, "तितं निदान सांजच्याला गळ घिऊन खाडीवर तरी जाता येतंय. एखादा जिताडा लागला की दिवस कारणी लागला."

मी तेव्हा उदगीरला मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. शिकत्या वयात माणसाला अडचणीतला सोडवता येणारा तेवढाच भाग ऐकू येतो. बापूंना जिताडा हवा आहे, एवढं मी ऐकलं.

ज्या तळ्याच्या बांधावर आम्ही बसलो होतो, ते बांधून फसलं होतं. त्या रानातल्या बोअरचं पाणी खारं निघालं. ज्वारीला चालत नाही, म्हैस तोंड लावत नाही. तळ्याच्या तळाला जाड प्लास्टिक अंथरलेलं, ज्याला आमच्याकडे कागदच म्हणतात, आणि त्यावर धुळीशिवाय काही नाही. मी पाणी तपासून घेतलं. लिटरला सहा ग्रॅम क्षार. समुद्रात पस्तीसच्या आसपास असतात. म्हणजे समुद्र नव्हे, पण पावसाळ्यातली खाडी नक्कीच. आणि जिताडा हा समुद्रात जन्मून खाडीत वाढणारा मासा, पाणी थोडं गोडं झालं, थोडं खारं झालं, तरी तो जमवून घेतो. या तळ्यातच जिताडा वाढवते, असं मी बापूंना सांगितलं.

"तुजा मासा खातो आन् मग जातो," बापू म्हणाले. म्हणजे मला जिताडा वाढायला लागेल तेवढा वेळ मिळाला.

पाणी आणखी जरा खारं हवं म्हणून मी खडेमिठाची पोती आणली. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅश कमी पडतं आणि त्यावाचून माशांना झटके येतात, म्हणून खताचं पोटॅशही. दोन्ही वैजिनाथअप्पांच्या दुकानातून. अप्पा लिंगायत, त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही.

"पोटॅश उसाला घालतेत, केळीला घालतेत," अप्पा म्हणाले. "माशाला कोण घालतंय ताई? आन् तळ्याला एवढं मीठ घातलं, आता फोडणी कवा?"

दुकानातली माणसं हसली. ती गेल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "तुमी शिकलेल्या हायेत म्हणून इचारतो. ह्या मिठाचं पाप माज्याकडं येतंय का?"

"मीठ पाण्यात जाणार आहे, अप्पा. माशाच्या अंगात नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग किती पोती देऊ?"

पिल्लं किनाऱ्यावरून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आली. बोटभर लांबीची, आणि पहिल्या दिवसापासून एकमेकांना खाणारी. जिताड्याच्या पिल्लांत एक जरा मोठं झालं की ते शेजारच्याला गिळतं, त्यामुळे सुरुवातीला वरचेवर सगळी जाळ्यात घेऊन लहान-मोठी वेगळी करावी लागतात. त्यासाठी मी दर शनिवारी उदगीरहून यायचे, एरवी खाद्य दादा टाकायचे. बापू पँट दुमडून तयार उभे राहायचे. "बापू, पाणी गार आहे, तुम्ही बसा," मी म्हणायचे. ते बांधावर बसायचे आणि तिथून मोठं कुठलं, लहान कुठलं ते सांगायचे.

एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला. डिग्री घेऊन मी घरी आले तेव्हा मासे हाताएवढे झाले होते, आणि दसऱ्यापर्यंत पार दीड किलोच्या घरात. एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. शेवटच्या महिन्यात पाणी हिरवं व्हायला लागलं. खाद्य जास्त होऊन कुजतंय असं वाटून मी ते निम्म्यावर आणलं. पाणी आणखी हिरवं झालं. मी आणखी कमी केलं. ते अजून हिरवं झालं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मासा धरायचा ठरला. मंगळवारची गाडी होती. मी मनात धरून चालले होते की बापूंनी एकदा हा जिताडा खाल्ला की खोलीचं नाव निघणार नाही. घरात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण माझ्या मनात काय आहे ते दादांना कळलं असावं. त्यांनी त्या दिवशी दाढी केली होती.

बापूंनी भरलेल्या ट्रंकेच्या तळातून गळाची घडीची काठी बाहेर काढली. आमिषाला नदीतले झिंगे आणले होते. आम्ही तळ्यावर पोचलो तर भगवानराव आधीच बांधावर. भगवानराव म्हणजे माजी सरपंच आणि बापूंचे शाळेतले सोबती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण नांदूरघाटात समुद्राचा मासा धरणार म्हटल्यावर ते बोलावण्याची वाट बघणार नव्हते.

बापूंनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"हितं भरती कळना, ओहोटी कळना," ते मला म्हणाले. "तितं पाणी भराया लागलं की मासा आत येतोय, आपल्याला ठावं असतंय. ह्याला भूक कवा लागती?"

"सकाळी आणि पाच वाजता. मी तेव्हाच खाद्य टाकते. बादली वाजली की येतात."

मी बादली वाजवली. तळ्याच्या या कोपऱ्यात पाणी उसळायला लागलं. चंदेरी पाठी एकमेकींवर आपटत होत्या. मला वाटलं बापू खूश होतील. त्यांनी काठी खाली टेकवली.

"हे मासे न्हाईत ग. शाळंतली पोरं हायेत. खिचडीची घंटा झाली की ताट घिऊन पळतेत."

"मग काय, वाढा त्यांला," भगवानराव म्हणाले.

बापूंनी गळ टाकला. गोळ्या खाऊन वाढलेल्या माशांनी झिंग्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"बे सुग्रीव," भगवानराव म्हणाले, "तितं बाजारातून इकत घिऊन मी धरला म्हणून सांगत होता का काय वैनीला?"

काठी उचलून बापू तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाले, जिथे बाभळीची सावली पाण्यावर पडते. मी मागून गेले.

"तिकडं कावून?" दादा ओरडून म्हणाले. "मासे हिकडं हायेत, बापू!"

"घंटेला न येणारं एखादं पोरगं प्रत्येक वर्गात असतंय," बापू मला हळू आवाजात म्हणाले. "मागल्या बाकावरचं. तेच मोठं असतंय."

मी पंधरवड्याला मासे मोजत होते, वजन करत होते, तरी सावलीत एकटा राहणारा मासा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. बापू रोज बांधावर बसून तो बघत आले होते. त्यांनी झिंगा सावलीच्या अगदी कडेला सोडला आणि दोरी बोटावर धरली. भगवानरावांचं बोलणं चालू होतं, मग तेही थांबलं. काठी वाकली तेव्हा बापूंनी झटका दिला नाही, पहिल्यांदा मोकळं सोडलं, मग धरलं. मासा पाण्याबाहेर उडाला, तोंड हलवत, आणि पुन्हा आत गेला. बापू त्याच्यामागे बांधावरून चालत होते, तीन वर्षांत मी त्यांना इतकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

मासा काठाला आला तसे दादा धावले.

"अंगद, गालाला हात लावू..."

दादांनी लावला होता. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. दादांच्या तळहातावर आडवी लाल रेघ उमटली. बापूंनी खांद्यावरचा टॉवेल माशावर टाकला, खालच्या जबड्यात अंगठा घालून त्याला वर उचललं आणि दादांकडे पाहिलं.

"कापलं? कापणारच. जा, तितं बस."

दादा बाभळीखाली जाऊन बसले. हाताला मी रुमाल बांधला. त्यांचा चेहरा दुखावल्यापेक्षा गोंधळलेला जास्त दिसत होता.

आमच्या घरात मटण-मासा घरातल्या चुलीवर शिजत नाही. रानात, मोटारीच्या खोलीबाहेर, तीन दगड मांडून पुरुष माणसं शिजवतात आणि त्याची पातेली वेगळी, त्याच खोलीत ठेवलेली असतात. आई मासा बघूनच तोंड फिरवते, ती घरीच थांबली होती. दादांच्या हातचं मटण आजूबाजूच्या चार वाड्यांत नावाजलेलं आहे. आज हात बांधलेला असल्यामुळे त्यांना तोंडानेच शिजवावं लागत होतं.

"आदी अळणी काढा, बिनतिखटाचं पाणी," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "हळद-मीठ घालून फोडी तासभर शिजू द्या. ते पाणी पोरांला, म्हाताऱ्यांला प्याया. मग रस्सा."

बापू खवले काढत होते. मीठ मी हातात घेतलं तर भगवानरावांनी माझा हात धरला.

"मीठ घालू नगा. समुद्राचा मासा हाय. त्याच्या अंगातच असतंय."

"नसतं, भगवानआबा."

"कसं नसतंय? जलमभर मिठात बसलाय."

"बसतो, पण अंगात घेत नाही. पाण्याबरोबर आत आलेलं मीठ तो कल्ल्यातून दिवसभर बाहेर टाकत असतो. त्याचं मांस आपल्या मांसाइतकंच खारट."

भगवानरावांनी माशाकडे नव्या आदराने पाहिलं. "मिठात राहून अंगाला मीठ लागू देत न्हाई. मी एवढी वर्सं राजकारणात काढली, असा गडी बघितला न्हाई बे."

"घाल मीठ," बापू म्हणाले.

एवढ्यात मोठी माय डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन आली. मुरूडला असताना तिने बापूंनी आणलेला प्रत्येक मासा शिजवला होता. गावी परतल्यावर सप्त्यात तिने तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून ती माशाला शिवत नाही. दुरडी ठेवून ती लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसली. वारा तिच्याकडून आमच्याकडे येईल अशा बाजूला.

"तासभर?" ती पाठमोरीच म्हणाली. "बोकड हाय का ते?"

"मग कसं म्हणता, वैनी?" दादांनी विचारलं.

"आदी रस्सा उकळू द्या. मग फोडी सोडा. दोन उकळ्या आल्या की उतरवा. आन् त्यात पळी घालू नगा, पातेलं धरून हलवा. पळी घातली की मासा गायब."

"येसर घालू का?" बापूंनी विचारलं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, त्याशिवाय आमच्याकडे रस्सा दाट होत नाही.

"चिमूटभर. तितं न्हवता घालत, पर आता हितलं पाणी हाय, हितला मासा हाय. घाला."

बापू तिच्या सांगण्याप्रमाणे करत गेले. रस्सा उकळला. फोडी सोडल्या. थोड्या वेळाने वारा पडला आणि वाफ लिंबाकडे गेली. मोठी माय उठून लांब गेली नाही.

"चिंच कमी पडली," ती म्हणाली.

बापूंनी चव घेतली. कमी पडली होती. त्यांनी आणखी कोळ घातला.

आम्ही बांधाच्या सावलीत जेवायला बसलो. पहिली फोड बापूंना, पोटाकडची. दादांनी बांधलेल्या हाताने ती स्वतः वाढली. भगवानरावांनी भाकरी कुस्करून रस्सा ओतला आणि पहिल्याच घासाला मान हलवली.

"लई भारी. धरणावरचा मासा खाल्लाय मी, पर हे मऊ किती."

"बारीक काटाबी न्हाई," दादा म्हणाले. "बापू, कसा हाय?"

बापू चावत होते. हळू, फार हळू. त्यांनी घास गिळला आणि माझ्याकडे बघून हसले.

"चांगला हाय. लई चांगला केलास ग पोरी."

मुरूडच्या माशांबद्दल बापूंना मी लहानपणापासून बोलताना ऐकत आले होते. शिळा आहे, बर्फातला आहे, पोटात अंडी आहेत, धुतलेलं पाणी वाईट होतं. नुसतं 'चांगला हाय' त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मी माझ्या ताटातली फोड उचलली.

मऊ होती, चिंच बरोबर होती, मीठ बरोबर होतं. आणि या सगळ्याच्या मागून ओल्या मातीची चव येत होती. गाळ उपसल्यावर विहिरीतून जसा वास येतो, तशी. माझ्या गालावर ऊन चढल्यासारखं झालं.

"आवो," मोठी माय लिंबाखालून म्हणाली. ती अजून पाठमोरीच होती. "खरं सांगा तिला. तुमी एवढं हळू कवाच खात न्हाई. आन् पोरगी मोजून-मापून चालणारी हाय, तिला खोटं घिऊन काय करायचंय?"

बापूंनी ताटातली फोड कडेला सरकवली.

"मातकट हाय," ते म्हणाले. "खाडीतला न्हाई लागत. ओढ्यातला लागतोय."

"मग मासा मातकट लागणारच की," भगवानराव म्हणाले. "मासाच हाय तो. मासा म्हंजे माती आलीच." दादांनी मान डोलावली. त्या दोघांनी आयुष्यात खाल्लेला प्रत्येक मासा तळ्याचा, नाहीतर धरणाचा होता, मातीशिवायचा मासा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांची ताटं साफ झाली होती.

मी मात्र समजावून सांगत बसले, बहुतेक स्वतःलाच. "ही चव मातीची नसते. हिरव्या पाण्यात एक प्रकारचं शेवाळ वाढतं, ते हा वास पाण्यात सोडतं, आणि मासा तो कल्ल्यांतून ओढून चरबीत साठवतो. पाणी हिरवं झालं होतं. पण मी तर खाद्य निम्म्यावर आणलं होतं. शेवाळाला खायला मिळालं कुठून?"

दादा हाताच्या रुमालाची गाठ बघत होते.

"मी शेण टाकत होतो," ते म्हणाले.

"काय?"

"तू खाद्य कमी केलंस ना. मला वाटलं, उपाशी मरतेत. धरणाखालच्या तळ्यात टाकतेत की शेण, लई भरतेत मासे. रोज एक पाटी, तू यायच्या आदी."

"एक?" मोठी माय म्हणाली, आणि आता ती वळली. "माज्या म्हशीचं शेण जातंय कुठं म्हणून मी महिनाभर शोधतीय. गवऱ्या थापायच्या बंद झाल्या माज्या."

"तू अजून कमी केलं की मी अजून एक पाटी वाढवायचो," दादा म्हणाले.

मला रडावं की हसावं कळेना. पाणी हिरवं झालं म्हणून मी खाद्य कमी करत होते, मी खाद्य कमी केलं म्हणून दादा शेण वाढवत होते, आणि शेणामुळे पाणी आणखी हिरवं होत होतं. "दादा, ते रोहू-कटल्याला घालतात. शेणावर शेवाळ वाढतं, किडे वाढतात, ते मासे ते खातात. जिताडा मांस खातो. त्याला शेणाचं काय?"

"मला काय ठावं." दादा खालीच बघत होते. "म्हणलं, भरलेला मासा असला तर बापूंना ग्वाड लागंल. ग्वाड लागला तर मग..."

भगवानराव हसायला लागले होते, त्यांनी हसणं मधेच थांबवलं आणि भाकरीचा तुकडा मोडला, जो त्यांना नको होता.

बापू धाकट्या भावाकडे बघत राहिले. एवढ्या दिवसांत दादा त्यांना एकदाही 'जाऊ नका' म्हणाले नव्हते. थोरल्याला असं सांगणं त्यांच्यात बसत नव्हतं. त्याऐवजी रोज पहाटे शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ते खालच्या रानात जात होते.

बापूंनी ताटाच्या कडेला सारलेली फोड परत पुढे ओढली आणि खाल्ली. काट्यापर्यंत.

"मातकटच हाय," ते मधेच म्हणाले, आणि खात राहिले. मग रश्शात भाकरी पुसून त्यांनी हात धुतले.

"बाकीच्या माशांचं काय करायचं?" त्यांनी मला विचारलं. "सगळ्यांला असाच वास असंल ना?"

"असेल. पण जातो तो. स्वच्छ पाण्यात ठेवायचे, आठ-दहा दिवस. खायला काही द्यायचं नाही. पाणी बदलत राहायचं. हळूहळू वास अंगातून निघून जातो."

"स्वच्छ कुठल्या पाण्यात?"

"बोअरच्याच. विहिरीजवळचा जुना हौद रिकामा आहे. पण तो आधी घासून काढावा लागेल, त्यातही शेवाळ आहे. मासे थोडे थोडे न्यायचे. हवा द्यावी लागेल. आणि जिताडा उडी मारतो, त्यामुळे वर जाळी, आणि लक्ष ठेवायला कुणीतरी."

"कोण ठेवणार?"

'मी ठेवते, तुम्ही...' इथपर्यंत माझ्या ओठांवर आलं होतं. मोठी माय माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही, नुसती बघत होती. पिल्लं वेगळी करायच्या दिवसांत पँट दुमडून उभे राहिलेले बापू मला आठवले.

"माणूस लागेल," मी म्हणाले. "दिवसभर. मला एकटीला जमणार नाही."

"मी ठेवतो की लक्ष, बापू," दादा घाईने म्हणाले. "तुमी..."

"तू?" बापू उठले. "तू शेण टाकशील."

भगवानरावांना आता हसायला परवानगी मिळाल्यासारखं झालं.

बापूंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोटारीच्या खोलीतून खराटा घेतला आणि ते हौदात उतरले. हौद डोक्याइतका खोल आहे, त्यामुळे ते दिसत नव्हते, खराट्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने आवाज थांबला. त्यांनी फोन लावला होता. रिकाम्या हौदात त्यांचा शब्द न् शब्द घुमत होता. हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं.

"हां, मी बोलतोय. मंगळवारचं जमत न्हाई... न्हाई, तब्येत बरी हाय... मासे हायेत घरी... आरं, जित्ते. जिताडा... आता बीडला जिताडा कसा, ते फोनवर सांगून कळायचं न्हाई तुला." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. "न्हाई, अडवून ठिऊ नको. खोली दुसऱ्याला दे."

दादा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मोठी माय रिकामी दुरडी झटकत होती, तिच्यात कोंड्याचा कणही उरला नव्हता तरी झटकत होती.

"त्यांना सांग," ती मला म्हणाली, "खालचं बूच गंजलंय. जोर लावू नगा म्हणावं, पाठ धरंल."

मी सांगायच्या आधीच हौदातून हाक आली.

"अंगद! पान्हा आण. बूच निघत न्हाई."

दादा बांधल्या हाताने मोटारीच्या खोलीकडे पळाले आणि पान्हा घेऊन आले. हौदाच्या काठावर पालथं पडून त्यांनी तो खाली दिला. क्षणभराने पान्हा परत वर आला.

"हा बाराचा हाय. चौदाचा दे."

दादा पुन्हा पळाले.